जटिल प्रणालींच्या अध्यापनाची प्रयोगशाळा-साधने

ज्या प्रणालीतील घटक परस्परांवर सतत परिणाम करीत असतात व त्यामुळे जिचे एकूण वर्तन सुट्या घटकांच्या वर्तनाची केवळ बेरीज करून काढता येत नाही, अशा प्रणालीस जटिल प्रणाली म्हणतात. विद्युत् पुरवठ्याचे जाल, रासायनिक कारखाना, अणुभट्टी, विमान व त्याची उड्डाण-नियंत्रण यंत्रणा ही तिची उदाहरणे होत. अशा प्रणालींचे वर्तन अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहता, मोजता व हाताळता यावे म्हणून प्रयोगशाळेत लहान, सुरक्षित व मोजमापास सोयीची उपकरणे वापरतात. पाण्याच्या जोड टाक्या, उलटा लंबक, तुळईवरील चेंडू, तापनियंत्रित पट्टी, चुआ मंडल इ. उपकरणे या वर्गात मोडतात. मुख्यत्वे नियंत्रण अभियांत्रिकी, रासायनिक अभियांत्रिकी व गतिकी या विषयांच्या शिक्षणात त्यांचा उपयोग होतो.

जटिलतेची लक्षणे : घटकांची संख्या मोठी असली म्हणजे प्रणाली जटिल होतेच असे नाही. यांत्रिक घड्याळात शेकडो भाग असतात परंतु त्यांतील प्रत्येकाचे कार्य ठरलेले असल्याने घड्याळाचे वर्तन सहज सांगता येते. याउलट दोनच पंप व चार टाक्या असलेले उपकरण अनुभवी माणसालाही चकवू शकते. जटिलतेचे मूळ घटकांच्या संख्येत नसून त्यांच्या परस्परसंबंधांत असते. हे संबंध पुढील लक्षणांनी ओळखता येतात : (१) पुनःप्रदाय (प्रदानाचा काही भाग आदानाकडे परत देण्याची क्रिया), (२) विलंब (कारण घडणे व त्याचा परिणाम दिसणे यांतील काळाचे अंतर), (३) अरैखिकता (कारण दुप्पट केले असता परिणाम दुप्पट न होणे), (४) युग्मन (एका राशीवर केलेल्या क्रियेचा दुसऱ्या राशीवरही परिणाम होणे), (५) अस्थैर्य (लहानसे विचलन आपोआप वाढत जाणे) आणि (६) प्रारंभिक स्थितीविषयीची तीव्र संवेदनशीलता. प्रयोगशाळेतील प्रत्येक साधन यांपैकी एकदोन लक्षणे वेगळी काढून ती ठळकपणे दाखविण्यासाठी तयार केलेले असते.

गरज : ही लक्षणे अवकल समीकरणांच्या रूपाने वर्गात शिकविता येतात. तथापि फळ्यावरील समीकरणे बहुधा रैखिक केलेली असतात. त्यांत घर्षण, दंतचक्रांमधील ढिलाई, संवेदकातील गोंगाट (अनियमित चढउतार) आणि पंपाच्या किंवा विद्युत् चलित्राच्या क्षमतेची मर्यादा या गोष्टी धरलेल्या नसतात. प्रत्यक्ष यंत्रणेत नेमक्या याच गोष्टी निर्णायक ठरू शकतात. स्वीडनच्या ग्रीपेन या लढाऊ विमानाचा पहिला नमुना फेब्रुवारी १९८९ मध्ये उतरताना कोसळला व ऑगस्ट १९९३ मध्ये स्टॉकहोम येथे प्रात्यक्षिक उड्डाण करणारे दुसरे विमान पडले. वैमानिकाच्या हालचाली व विमानाचा प्रतिसाद यांचा मेळ तुटून वाढत गेलेली आंदोलने हे या अपघातांमागील कारण होते. १९९३ च्या अपघातात नियंत्रण-पृष्ठांच्या हालचालीच्या वेगाला असलेली मर्यादा गाठली गेली व त्यामुळे विमानाच्या प्रतिसादात जादा विलंब निर्माण झाला. चेर्नोबिल येथे २६ एप्रिल १९८६ रोजी झालेल्या दुर्घटनेत शक्ती कमी केल्यावर भट्टीत साचत गेलेला झेनॉन वायू, म्हणजे विलंबाने दिसणारा परिणाम, आणि अल्प शक्तीवर भट्टीला आलेले अस्थैर्य यांचा मोठा वाटा होता. १९८९ मध्ये दिलेल्या एका प्रसिद्ध व्याख्यानात नियंत्रणतज्ञ गुंटर स्टाइन यांनी चेर्नोबिलचा दाखला देऊन अस्थिर प्रणालींविषयी अभियंत्याच्या मनात आदरयुक्त सावधगिरी असली पाहिजे, असे प्रतिपादन केले.

भारतात ३० व ३१ जुलै २०१२ रोजी विद्युत् जाल कोलमडले. ३१ जुलैला उत्तर, पूर्व व ईशान्य या तिन्ही विभागांतील पुरवठा बंद पडून ६० कोटींहून अधिक लोकांना त्याची झळ पोहोचली. पश्चिम विभागाचे जाल मात्र वेगळे पडून चालू राहिले. पश्चिम व उत्तर विभागांना जोडणारी ४०० किलोव्होल्टची बीना-ग्वाल्हेर वाहिनी अतिभारामुळे सुटली आणि तिचा भार इतर वाहिन्यांवर पडून त्याही एकामागून एक सुटत गेल्या. या वाहिनीत त्या वेळी दोष उद्‌भवलेला नव्हता. प्रत्येक संरक्षक यंत्रणा आपल्यापुरती योग्य वागत असताही संपूर्ण जाल कोसळू शकते, हे या घटनेने दाखवून दिले. अशा प्रणालींवर शिकाऊ माणसाला प्रयोग करू देणे शक्य नसते. म्हणून चूक झाली तर फार तर पाणी सांडेल किंवा काठी पडेल, अशी साधने शिक्षणासाठी आवश्यक ठरतात.

इतिहास : पुनःप्रदाय असलेल्या यंत्राचे गणिती विवेचन जे. सी. मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये वाफ एंजिनाच्या वेगनियंत्रकासंबंधीच्या निबंधात केले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रणालीची समीकरणे यंत्राच्या साहाय्याने सोडविण्याचे प्रयत्न झाले. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या संस्थेत व्हॅनेव्हार बुश यांनी १९३१ मध्ये अवकल विश्लेषक पूर्ण केला. मँचेस्टर येथे डग्लस हार्ट्री व त्यांचा विद्यार्थी आर्थर पोर्टर यांनी १९३४ मध्ये मेकॅनो या खेळण्याच्या सुट्या भागांपासून त्याची लहान आवृत्ती तयार केली. महागड्या यंत्राचे तत्त्व स्वस्त साधनाने समजावता येते, याचे हे एक चांगले उदाहरण होय. ब्रिटनमध्ये डब्ल्यू. रॉस ॲश्बी यांनी १९४८ मध्ये बनविलेल्या होमिओस्टॅट या उपकरणात परस्परांना जोडलेले चार विभाग असून विचलनानंतर ते आपली जोडणी बदलत पुन्हा समतोल शोधीत.

१९४९ मध्ये बिल फिलिप्स या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या व मूळच्या अभियंत्याने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या संस्थेत पाण्यावर चालणारे एक यंत्र दाखविले. त्यात राष्ट्राचे उत्पन्न, बचत, कर व आयात-निर्यात यांचे प्रवाह रंगीत पाण्याच्या रूपाने नळ्यांमधून व टाक्यांमधून वाहत. एखादी झडप फिरवली असता परिणाम कोठे, किती व केव्हा दिसतो हे विद्यार्थ्यांना डोळ्यांनी पाहता येई. १९५० नंतर विद्युत् सदृश संगणक अनेक महाविद्यालयांत आले. पुढे अंकीय संगणक व सूक्ष्मप्रक्रियक स्वस्त झाल्यावर खरे भौतिक उपकरण व संगणकीय नियंत्रक यांची जोडणी सुलभ झाली आणि आजच्या स्वरूपातील साधने प्रचारात आली.

प्रमुख साधने : (अ) पाण्याच्या टाक्या : तळाशी छिद्र असलेल्या टाकीत पंपाने पाणी सोडून त्याची पातळी ठराविक ठेवणे हा या विषयातील प्राथमिक प्रयोग होय. टॉरिचेल्ली यांच्या नियमानुसार छिद्रातून बाहेर पडणारा प्रवाह पातळीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. म्हणून पंपाचा प्रवाह १० टक्के वाढविला असता स्थिरावलेली पातळी १० टक्क्यांनी न वाढता २१ टक्क्यांनी वाढते व प्रवाह दुप्पट केल्यास पातळी चौपट होते. अरैखिकतेचा अर्थ येथे मोजपट्टीवर वाचता येतो.

स्वीडनमधील लुंड येथे कार्ल हेन्रिक योहान्सन यांनी विकसित केलेले व २००० मध्ये प्रसिद्ध केलेले चार टाक्यांचे उपकरण अधिक बोधप्रद आहे. यात दोन टाक्या खाली व दोन त्यांच्या वर असतात. वरच्या प्रत्येक टाकीतील पाणी तिच्याखालील टाकीत गळते. प्रत्येक पंपाचा प्रवाह झडपेने विभागून काही भाग एका बाजूच्या खालच्या टाकीत व उरलेला विरुद्ध बाजूच्या वरच्या टाकीत सोडलेला असतो. खालच्या दोन टाक्यांची पातळी नियंत्रित करावयाची असते. झडपांची स्थिती अशी असेल की, बहुतेक पाणी थेट खालच्या टाक्यांत जाते, तर काम सोपे असते. डाव्या टाकीसाठी डावा पंप व उजव्या टाकीसाठी उजवा पंप अशी विभागणी पुरेशी होते. झडपा फिरवून बहुतेक पाणी वरच्या टाक्यांकडे वळविले की, तेच उपकरण अवघड बनते. आता डावा पंप मुख्यत्वे उजव्या टाकीची पातळी ठरवितो आणि तीही उशिराने. अशा वेळी काही राशी प्रथम अपेक्षेच्या उलट दिशेने सरकतात व नंतर योग्य दिशेस वळतात. अधीर नियंत्रक ही उलट हालचाल पाहून जोर वाढवितो व आंदोलने निर्माण करतो. नियंत्रक कितीही हुशारीने बनविला, तरी या व्यवस्थेत जलद प्रतिसाद मिळू शकत नाही. ही मर्यादा नियंत्रकाची नसून प्रणालीच्या रचनेची असते. झडपेच्या काही फेऱ्यांनी सुलभ प्रणालीचे दुष्कर प्रणालीत रूपांतर होताना पाहणे, हे या साधनाचे वैशिष्ट्य होय.

याच उपकरणावर क्षमतेच्या मर्यादेचा परिणामही दाखविता येतो. नियंत्रकात बहुधा एक संकलक (अपेक्षित व प्रत्यक्ष मूल्यांतील फरकाची कालानुसार बेरीज करीत जाणारा भाग) असतो. पंप पूर्ण क्षमतेने चालत असूनही पातळी कमी असेल, तर संकलकातील बेरीज निष्कारण वाढत राहते. पुढे पातळी अपेक्षित मूल्यास पोहोचली तरी ही साचलेली बेरीज उतरेपर्यंत पंप थांबत नाही व टाकी ओसंडते. यावर उपाय म्हणून पंप मर्यादेस पोहोचताच संकलन थांबविण्याची सोय करतात.

(आ) उलटा लंबक : गाड्यावर बिजागरीने उभी केलेली काठी गाडा पुढेमागे हलवून तोलून धरणे, असे या साधनाचे स्वरूप असते. एमआयटी संस्थेतील जेम्स रोबर्ज यांच्या १९६० मधील पदवी-प्रबंधात अशी रचना आढळते. जपानमधील कात्सुहिसा फुरुता यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या प्रकारात गाड्याऐवजी आडव्या पातळीत फिरणारा दांडा असल्याने लांब रुळाची गरज उरत नाही. काठी कलू लागली की, कल जितका जास्त तितक्या वेगाने तो वाढतो. १ मी. लांबीच्या एकसारख्या काठीचा कल सु. ०·१८ सेकंदात दुप्पट होतो, तर पाव मी. लांबीच्या काठीचा सु. ०·०९ सेकंदात. डोळ्यांनी पाहून हात हलविण्यास माणसाला सामान्यतः सु. ०·२ सेकंद लागतात. म्हणून लांब काठी तळहातावर तोलता येते परंतु पेन्सिल तोलता येत नाही. अस्थिर प्रणाली सावरणाऱ्याला उपलब्ध असलेला वेळ प्रणालीच ठरविते, हा नियम विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने पडताळता येतो. नियंत्रकाच्या आज्ञेत मुद्दाम थोडाथोडा विलंब वाढवीत नेल्यास काठी प्रथम थरथरू लागते, मग झुलते आणि एका मर्यादेनंतर पडते. ग्रीपेन विमानाच्या बाबतीत विलंबाने जो धोका निर्माण झाला, त्याचे हे निरुपद्रवी प्रात्यक्षिक होय.

(इ) तुळई व चेंडू : मध्यावर टेकविलेल्या तुळईच्या खोबणीत चेंडू ठेवून तुळईचा कल बदलत तो इष्ट जागी स्थिर करावयाचा असतो. कल १° असल्यास घरंगळणाऱ्या भरीव चेंडूला दर सेकंदास सु. १२ सेंमी./से. इतके त्वरण मिळते. म्हणजे पहिल्या सेकंदात तो सु. ६ सेंमी. व दोन सेकंदांत सु. २४ सेंमी. सरकतो. कलामुळे चेंडूची जागा ठरत नसून त्वरण ठरते. त्यामुळे चेंडू इष्ट जागी पोहोचण्यापूर्वीच तुळई उलट दिशेने कलवावी लागते. केवळ चुकीच्या प्रमाणात केलेली दुरुस्ती येथे आंदोलनेच निर्माण करते, बदलाचा वेगही विचारात घ्यावा लागतो.

(ई) तापनियंत्रित पट्टी : मुंबईतील पवई येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत विकसित झालेल्या एका साधनात पोलादाची पातळ पट्टी, तिच्याजवळ नायक्रोम तारेचे वेटोळे, पंखा, तापमान-संवेदक व सूक्ष्मनियंत्रक हे सर्व एकाच फलकावर बसविलेले असतात. वेटोळ्यातील विद्युत् प्रवाह वाढविला की पट्टी तापते व पंख्याचा वेग वाढविला की ती थंड होते. उष्णता संवेदकापर्यंत पोहोचण्यास वेळ लागत असल्याने विलंबाचा अनुभव येतो. पंख्याच्या वेगातील बदल हा बाह्य अडथळा मानून नियंत्रकाची परीक्षा घेता येते. हे साधन संगणकास जोडून साइलॅब या मुक्त आज्ञावलीच्या साहाय्याने चालविता येते. तसेच आंतरजालावरून दूरस्थ विद्यार्थ्यांनाही त्यावर प्रयोग करता यावेत, अशी व्यवस्था करण्यात आली. उपकरण लहान व कमी खर्चाचे असल्यामुळे विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे, पुनःपुन्हा प्रयोग करता येतात. हा लाभ मोठ्या व महाग यंत्रांपासून क्वचितच मिळतो. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात तयार झालेल्या याच धर्तीच्या साधनात दोन तापक व दोन संवेदक शेजारीशेजारी असतात. एक तापक चालू केला की दुसऱ्याजवळील तापमानही वाढते व त्यामुळे युग्मनाचा अभ्यास करता येतो.

(उ) केऑसदर्शक साधने : निश्चित नियमांनी चालणाऱ्या प्रणालीचेही दीर्घकालीन भाकीत करता न येणे या वर्तनास केऑस म्हणतात. एकाखाली एक जोडलेले दोन लंबक मोठ्या कोनातून सोडल्यास त्यांची गती दर खेपेस वेगळी होते, कारण प्रारंभिक स्थिती हुबेहूब तीच ठेवणे हाताला जमत नाही. लीऑन चुआ यांनी १९८३ मध्ये टोकिओच्या वासेदा विद्यापीठात योजिलेल्या मंडलात एक प्रवर्तक, दोन धारित्रे, एक रोधक व एक अरैखिक घटक इतकेच भाग असतात. रोधकाचे मूल्य हळूहळू बदलत गेले असता दोलनदर्शकाच्या पडद्यावर प्रथम स्थिर बिंदू, नंतर नियमित आंदोलन, पुढे त्याचे द्विगुणित आवर्तन आणि अखेर केऑसचा गुंतलेला आकृतिबंध दिसतो.

(ऊ) समकालनाची साधने : एका आधारावर टांगलेल्या दोन लंबक-घड्याळांच्या दोलनांचा मेळ आपोआप बसतो, असे क्रिस्तीआन हायगेन्स यांनी १६६५ मध्ये पाहिले होते. संगीतातील दोन लयमापक दोन रिकाम्या डब्यांवर ठेवलेल्या फळीवर चालू केले असता थोड्याच वेळात ते एका तालात येतात. फळीची अगदी सूक्ष्म हालचाल त्यांच्यातील दुवा ठरते. लंडनमधील मिलेनियम पूल १० जून २००० रोजी खुला झाल्यावर पादचाऱ्यांच्या पावलांचे बल व पुलाचे आडवे हेलकावे एकमेकांना पोषक ठरले. त्यामुळे पूल दोन दिवसांतच बंद करावा लागला व शमक बसवून २००२ मध्ये तो पुन्हा खुला करण्यात आला. अभिकल्पात नगण्य मानलेला दुवाही प्रणालीचे वर्तन ठरवू शकतो, हे या दोन्ही उदाहरणांतून दिसून येते.

अध्यापनपद्धती : अशा साधनांवरील प्रयोग सामान्यतः पाच टप्प्यांत करतात. (१) उपकरण चालू करण्यापूर्वी काय घडेल याचे भाकीत लेखी करणे. (२) प्रत्यक्ष मापन. (३) मापनावरून गणितीय प्रतिमान तयार करणे. (४) प्रतिमान व उपकरण यांची तुलना आणि (५) नियंत्रकाचा अभिकल्प व त्याची कसोटी. यांपैकी पहिला व चौथा टप्पा शैक्षणिक दृष्ट्या विशेष महत्त्वाचे आहेत. भाकीत आधी न लिहिल्यास निरीक्षणानंतर ते आपणांस ठाऊकच होते असे विद्यार्थ्याला वाटू लागते. प्रतिमान व उपकरण यांच्यात तफावत आली की विद्यार्थी ती ‘प्रायोगिक चूक’ म्हणून बाजूस सारण्याचा संभव असतो. वस्तुतः त्या तफावतीतच घर्षण, विलंब, मर्यादा किंवा दुर्लक्षित दुवा दडलेला असतो. त्यामुळे अपेक्षित उत्तर मिळण्यापेक्षा न जुळलेल्या उत्तराचे सयुक्तिक स्पष्टीकरण देण्यास अधिक गुण ठेवणे इष्ट ठरते. २००२ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगो येथे भरलेल्या परिषदेत अभियांत्रिकी प्रयोगशाळांची १३ उद्दिष्टे निश्चित करण्यात आली. उपकरणांचा वापर, प्रतिमानांच्या मर्यादांची जाण, अभिकल्प, सुरक्षितता, संघकार्य यांबरोबरच अपयशापासून शिकणे हेही त्यांत एक स्वतंत्र उद्दिष्ट म्हणून नमूद केलेले आहे.

माणूस हा प्रणालीचाच घटक असतो, हे दाखविण्यासाठी एमआयटी संस्थेत जे फॉरेस्टर यांच्या प्रणाली-गतिकीच्या परंपरेत १९६० च्या सुमारास एक पट-खेळ तयार झाला. त्यात किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक व कारखानदार या चार भूमिका असतात आणि माल व मागणीपत्रे विलंबाने पोहोचतात. ग्राहकांची मागणी आठवड्यास ४ पेट्यांवरून एकदाच ८ पर्यंत वाढते व नंतर स्थिर राहते. तरीही कारखान्याकडे जाणाऱ्या मागणीत मोठे चढउतार होतात. खेळाडू बहुधा त्याचा दोष ग्राहकाला किंवा शेजारच्या खेळाडूला देतात. खेळ संपल्यावर प्रत्यक्ष मागणी उघड केली की, चढउतार रचनेतील विलंबातून व स्वतःच्याच निर्णयांतून निर्माण झाले, हे त्यांच्या ध्यानी येते.

सादृशीकरण व मर्यादा : संगणकावरील सादृशीकरण स्वस्त, जलद व निर्धोक असते. जे प्रयोग उपकरणावर करणे शक्य नसते तेही त्यात करता येतात. परंतु सादृशीकरणात तेवढेच दिसते जेवढे त्याच्या कर्त्याने त्यात घातलेले असते. पट्ट्यावर साचलेली धूळ, सैल झालेला स्क्रू किंवा उन्हाळ्यात वाढलेले खोलीचे तापमान त्यात आपोआप शिरत नाही. म्हणून सादृशीकरण हे उपकरणाला पूरक मानणे योग्य असून त्याचा पर्याय मानणे योग्य नाही. दूरस्थ प्रयोगशाळा या दोहोंच्या मध्ये येतात. त्यांत मोजमापे खऱ्या उपकरणाची असतात पण स्पर्श, आवाज व वास यांवरून बिघाड ओळखण्याची सवय त्यांतून लागत नाही.

साधनांनाही मर्यादा आहेत. लहान उपकरण एका नजरेत मावते, तर विद्युत् जाल किंवा कारखाना यांचे समग्र दर्शन कोणाही एका व्यक्तीस होत नसते. प्रणाली जटिल असली तरी साधनाला एक निश्चित हेतू व माहीत असलेले उत्तर असते. प्रत्यक्ष कामात प्रश्न कोणता हेच प्रथम शोधावे लागते. प्रयोगाच्या पुस्तिकेत नियंत्रकाचे आकडे छापून दिले की विद्यार्थी ते भरतो, काठी उभी राहते व प्रयोग संपतो. अशा वेळी साधन केवळ प्रदर्शनाची वस्तू ठरते. उपकरणाचे शैक्षणिक मूल्य त्याच्या किंमतीवर किंवा आधुनिकतेवर फारसे अवलंबून नसते. ते विद्यार्थ्याला चूक करण्यास, ती पाहण्यास व तिचे कारण शोधण्यास किती वाव मिळतो यावर अवलंबून असते. प्रयोगशाळेत काठी का पडली याचा शोध ज्याने घेतलेला असतो, तो अभियंता पुढे मोठ्या यंत्रणेच्या नियंत्रण-कक्षात बसला असता विलंबाने येणाऱ्या परिणामाची वाट पाहण्यास आणि यंत्रणेने घालून दिलेली मर्यादा ओळखण्यास अधिक तयार असतो.